आधी पट्टी घ्या, मग तेल

बार्शीत माझं छोटं पार्लर आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. दोन खुर्च्या, एक आरसा आणि गच्चीवर काळी टाकी. एकोणीस वर्षांत एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की समोरचीने केसांचा रबर काढला की ते आता मीच आधी म्हणते, "केस वाढतच नाहीत, ना?"

गंमत म्हणजे असं म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या जणी महिन्याला डाय लावायला येतात. कशासाठी, तर भांगात पांढरी रेघ दिसायला लागते म्हणून. केस वाढतच नसतील तर ती रेघ येते कुठून? एका काकूंच्या भांगावर मी एकदा लेकाच्या कंपासमधली पट्टी ठेवली. डाय लावून पाच आठवडे झाले होते आणि पांढरं भरलं सव्वा सेंटिमीटरच्या थोडं पुढे. म्हटलं, "काकू, केस अगदी वेळेवर वाढतायत. वेणी लांब होत नाही, ते दुखणं वेगळं."

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला पंधराच्या आसपास. वेणी लांब होत नसेल तर एक तर केस शेंड्याकडून तुटतायत, नाही तर मुळापासून वेळेआधी गळतायत. तिसरं कारण, म्हणजे केस खरोखरच हळू वाढणं, मी फार कमी वेळा पाहिलंय. तेलाची बाटली घेण्याआधी आपलं नेमकं काय होतंय ते शोधा. उपाय तिन्हीचे वेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय वर्षभर केला तरी वेणी तिथल्या तिथेच राहते.

मोजायचं कसं

पांढरे केस असतील तर पट्टी तुमच्या डोक्यावरच आहे. डाय लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तीस दिवसांनी रेघ मोजा. केस सगळे काळे असतील तर मानेवर, जिथे वरचे केस झाकून टाकतात, तिथे बोटाच्या नखाएवढा चौकोन ट्रिमरने अगदी बारीक करायचा. महिन्याने दुसऱ्या कुणाकडून तिथे पट्टी लावून घ्यायची. सेंटिमीटरच्या आसपास भरलं तर वाढीबद्दलची तक्रार तिथेच मिटली.

मग गळलेल्या केसांकडे बघायचं. कंगव्यातले दहा-पंधरा केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरा दाणा दिसला तर तो केस मुळापासून आला. दाणा नाही, आणि तुकडेही लहानमोठे, तर केस तुटलेला आहे. काळ्या केसांत हा दाणा साध्या डोळ्यांनी दिसतो. आमच्यासारख्या चाळिशीपुढच्यांनी चष्मा लावावा. "केस गळतात" म्हणून आलेल्या कितीतरी जणींच्या कागदावर मला एकही दाणा सापडत नाही. सगळे तुकडेच.

रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे सगळ्यांचंच असतं. डोक्यावर लाखभर केस, त्यातले काही रोज निवृत्त होणारच. आठवड्यातून एकदा न्हाणारीचे त्या एका दिवशी मूठभर दिसतात, कारण सहा दिवसांचे सुटलेले केस वेणीत अडकून राहिलेले असतात. ओढूनही बघता येतं. आदल्या दिवशी न्हाणं नको. पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरायची आणि मुळापासून शेंड्यापर्यंत हलकेच बोटं ओढत आणायची. हातात दोन-तीन आले तर ठीक. सहाच्या वर आले, आणि डोक्याच्या चार बाजूंना तसंच झालं, तर गळती चालू आहे.

आणखी एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते. आयुष्यात तुमची वेणी सर्वांत लांब कधी होती, आणि कुठपर्यंत? शाळेतला फोटो काढा, लग्नातला काढा. हे विचारण्याला कारण आहे. प्रत्येक केस ठरावीक काळच वाढतो, कुणाचा दोन वर्षं, कुणाचा सहा. मग दोन-तीन आठवड्यांत तो वाढ आटोपती घेतो, पुढे तीनेक महिने नुसता अडकून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच जागी नवा उगवतो. हा वाढीचा काळ बराचसा घराण्यातून येतो. ज्यांचा तीन वर्षांचा, त्यांचा केस पंचेचाळीस सेंटिमीटरवर थांबणार. कमरेपर्यंत पंच्याहत्तर तरी लागतात, म्हणजे पाच वर्षं. तुमची, आईची, मावशीची, कुणाचीच वेणी कधी पाठीच्या मध्यापुढे गेली नसेल तर ती तुमच्या घरची लांबी आहे, आणि ती वाढवणारं तेल अजून निघालेलं नाही. पण कॉलेजात कमरेला लागणारी वेणी आता खांद्याशी अडत असेल, तर मधे काहीतरी बदललंय. ते शोधण्यासारखं आहे.

तुटणाऱ्या केसांसाठी

हा माझा प्रांत, म्हणून इथे जरा रेंगाळते.

कमरेपर्यंतच्या वेणीचा शेंडा पाच वर्षांचा म्हातारा असतो. आठवड्याला दोनदा न्हायलं तर तो पाचशे वेळा धुतला गेलाय. पाचशे वेळा धुतलेल्या साडीचा काठ कसा दिसेल, तसाच शेंडा दिसतो. महिन्याला एक सेंटिमीटर वर वाढतंय आणि एक सेंटिमीटर खाली झडतंय, तर वेणी आहे तिथेच राहणार.

डायमध्ये आम्ही पार्लरवाल्याही चूक करतो. दर महिन्याला मुळापासून शेंड्यापर्यंत डाय ओढायची काहीच गरज नसते. पांढरं फक्त मुळाशी आलंय, तर तेवढ्यालाच लावायचा. त्या काकूंच्या शेंड्यांवर त्याआधीच्या वर्षात बारा वेळा डाय गेला होता. पुड्यातली "काळी मेंदी" म्हणजे मेंदी, असाही समज आहे. शुद्ध मेंदी केस काळे करत नाही, तांबूस करते. अर्ध्या तासात कुळकुळीत काळं झालं तर त्यात रासायनिक डाय आहेच. लावू नका म्हणत नाही, पण कानामागे ठिपका लावून दोन दिवस बघा. खाज किंवा सूज आली तर तो डाय तुमच्यासाठी नाही.

स्ट्रेटनिंग, रिबॉन्डिंग यांबद्दल मी बोलले तर धंद्याला मारक आहे, पण बोलते. केसाला आकार आणि बळ देणारे आतले बंध तोडून, सरळ करून पुन्हा जोडायचे, असं ते काम. पुन्हा जोडलेलं पहिल्यासारखं नसतं. २०१४ च्या सुमारास मी एका मुलीचे आधीच डाय केलेले केस लग्नाच्या घाईत रिबॉन्ड केले. आईने आग्रह केला, मी नको म्हणू शकले नाही. दीड महिन्यात कानाच्या रेषेत केस तुटून झिपऱ्या झाल्या. चूक माझी होती. तेव्हापासून एका डोक्यावर एका वर्षात एकाच प्रकारचं रासायनिक काम, हा माझ्या दुकानाचा नियम. ओल्या केसांवर गरम इस्त्री तर कधीच नाही. केसातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते आणि केस आतून फुटतो.

पुढचं सगळं फुकटातलं. ओला केस रबरासारखा ताणतो आणि तुटतो, म्हणून न्हाल्यावर लगेच विंचरू नका. टॉवेलने झटकू नका, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून पाणी टिपून घ्या. बारीक दातांची फणी उवा-लिखांसाठी, गुंत्यासाठी मोठ्या दातांचा कंगवा. गुंता शेंड्याकडून सोडवत वर यायचं. आपल्या आया वरून खाली एका झटक्यात ओढायच्या आणि वर "हलू नको" म्हणायच्या, ते विसरा. शाम्पू टाळूला, कंडिशनर शेंड्यांना. रात्री सैल वेणी.

आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो. हा क्षार केसांवरही बसतो. त्याने मूळ मरत नाही, पण केस खरखरीत होतो, गुंततो आणि तुटतो. सगळं न्हाणं फिल्टरच्या पाण्यात कुणाला परवडणार? शेवटचे दोन तांबे तेवढे गोड्या पाण्याचे घ्या. पावसाळ्यात पन्हाळीखाली बादली ठेवा.

शाळेतल्या मुलींच्या दोन घट्ट वेण्या, रिबिनीने वर बांधलेल्या, बघून माझाच जीव कासावीस होतो. कानशिलांजवळ कातडी ताणलेली दिसते. वर्षानुवर्षं असं ओढलं की तिथले केस विरळ होतात, आणि फार काळ चाललं तर परत येत नाहीत. नोकरीवाल्या बायकांच्या रोजच्या ताठ अंबाड्याचंही तेच. केस बांधल्यावर भुवया वर गेल्यासारख्या वाटल्या तर सैल करा.

शेंड्यांना फाटे फुटले असतील तर तेवढे कापा. कापल्याने वाढ जोरात होते असं मात्र नाही. केस मुळाशी वाढतो, शेंडा कापल्याचं मुळाला कळतसुद्धा नाही. जावळ काढल्यावर बाळाचे केस दाट येतात म्हणतात, तेही तसंच. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं.

गळणाऱ्या केसांसाठी कॅलेंडर

कागदावर पांढरे दाणे दिसले तर घरातलं कॅलेंडर काढा आणि दोन-तीन महिने मागे जा. इथेच बहुतेकांची फसगत होते. केस आज गळतात म्हणून दोष गेल्या आठवड्यातल्या शाम्पूला मिळतो.

२०१७ च्या सप्टेंबरात मला डेंगी झाला. बरी झाले, कामाला लागले. डिसेंबरात न्हाणीघराच्या जाळीत केसांचा गोळा. मी शाम्पू बदलला, मग तेल बदललं, मग बोअरला नावं ठेवली. डेंगी मनातही आला नाही, कारण तो होऊन तीन महिने झाले होते. पण हे गणित असंच आहे. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, झपाट्याने उतरवलेलं वजन, घरातला मृत्यू, अशा धक्क्याने वाढणारे पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मूळ शाबूत असतं. सहा महिन्यांच्या आत गळती बहुधा आपोआप आटोक्यात येते, आणि कपाळाच्या कडेला बारीक ताठ केस उभे राहिलेले दिसतात. पोरी त्यांना जेल लावून चपटे करतात. अगं, तीच तर चांगली बातमी!

बाळंतिणींना तर हे आधीच सांगून ठेवायला हवं. गरोदरपणात केस कमी गळतात, त्याची थकबाकी बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की वसूल होते. बाळ हुंकार द्यायला लागलं की आईचे केस जातात, असं सासवा म्हणायच्या. बाळाच्या हुंकारावर आळ आला, पण महिने मात्र बरोबर धरले होते.

माझी गळती थांबली, पण वेणीची एक पेड गेली ती गेलीच. वर्षाने त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तर त्यांनी फेरिटिन तपासायला सांगितलं. माझं हिमोग्लोबिन १२.१ होतं, म्हणजे कागदावर ठीक. फेरिटिन आलं ९. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या खर्चाचा पैसा आणि फेरिटिन म्हणजे डब्यातली लोहाची शिल्लक, असं समजा. शिल्लक संपली की शरीर आधी रक्ताचं बघतं, केसांचं नंतर. लॅबच्या कागदावर फेरिटिनची खालची मर्यादा बरीच कमी छापलेली असते. केसांच्या तक्रारीत बरेच डॉक्टर ते तीस-चाळीसच्या वर असावं म्हणतात. माझी पाळी सात-आठ दिवस भरपूर जायची, आणि तेच मूळ होतं. मी ते कधी दुखणं म्हणून मोजलंच नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलंय, तेव्हा मी काही एकटी नव्हे.

डॉक्टर साधारण हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच बघतात, गरजेप्रमाणे बी-१२ आणि डी. मी डॉक्टर नाही, तरी दोन गोष्टी सांगते. ताप उतरल्या उतरल्या फेरिटिन करू नका, सूज-तापात ते खोटं वाढलेलं दिसतं. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून ते काही दिवस थांबवायला सांगतात.

लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली तर लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा-दुधाबरोबर घेतली तर निम्मी वाया. जेवणावर लगेच चहा ही आपली सवयच लोह खाते, तासभर थांबा. थायरॉइडची गोळी असेल तर ती आणि लोह यांत चार तासांचं अंतर. शी काळी होते, घाबरू नका. आणि पुरुषांना लोह कमी निघालं तर नुसती गोळी घेऊन गप्प बसू नये. मूळव्याध, पोटातला अल्सर, कुठून रक्त जातंय ते शोधावं लागतं.

ताटात काय

केस प्रथिनांचा बनलेला असतो, आणि आपल्याकडे बायका प्रथिनांतच काटकसर करतात. श्रावणी सोमवार, चतुर्थी, मग नवरात्राचे नऊ दिवस, आणि ताटात साबुदाणा. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नाही. उपवास सोडा असं मी कुणाला म्हणणार नाही, मीही करते. दही, ताक, दूध, दाण्याची आमटी, राजगिरा वाढवा. एरवी मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, पिठलं, चालत असतील तर अंडी. बाळंतिणीचे अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरतेच ठेवायचे असं कुठे लिहिलंय? अळिवात लोह चांगलं असतं, लाडवावर लिंबू-आवळ्याचं काहीतरी खा.

"केसांच्या गोळ्या" मात्र मनाने घेऊ नका. २०२४ चा डिसेंबर संपता संपता बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस हाताने ओढले की येत होते, काही दिवसांत टक्कल पडत होतं. आधी संशय पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. केसांच्या गोळ्यांच्या डब्यावर बारीक अक्षरांत हेच सेलेनियम लिहिलेलं असतं. थोडं लागतं, जास्त झालं की तेच केस घालवतं. जीवनसत्त्व ए चंही तसंच आहे.

तेल, आणि तेलापलीकडे

खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. हे २००३ मध्ये खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी दाखवलं, तरी माझ्या हाताचा अनुभव त्याला धरूनच आहे. न्हाण्याआधी दोन तास, शेंड्यांना जास्त. म्हणजे तेल तुटणं कमी करतं. वाढ जोरात करत नाही. माका, जास्वंद, ब्राह्मी घालून उकळलेलं माझ्याही घरी आहे, वास छान येतो आणि सासूबाईंना बरं वाटतं. टाळूवर चिकट कोंडा असेल तर तेल बंद. कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. केटोकोनाझोलचा शाम्पू पाच मिनिटं टाळूवर ठेवून धुवा, आठवड्यातून दोनदा, महिनाभर.

भांग रुंद होत चाललाय, शेपटी बारीक, हनुवटीवर केस, पाळी अनियमित, असं सगळं एकत्र दिसलं तर पीसीओएस, म्हणजे बायकांमधला संप्रेरकांचा बिघाड, आहे का ते तपासून घ्या. पुरुषांचा कपाळाचा कोपरा मागे सरकणं हे बहुधा आनुवंशिक, आणि हेल्मेटला त्यात उगाच बदनाम केलंय. अशा विरळ होण्यावर मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध खरंच काम करतं. पहिले काही आठवडे गळती वाढते आणि बहुतेक जण तिथेच बाटली फेकतात. चार-सहा महिने द्यावे लागतात, आणि थांबवलं की कमावलेलं जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्यांनी लावायचं नाही. बाटली दुकानात सहज मिळते, तरी सुरुवात विचारूनच करा.

काही गोष्टींत मी खुर्चीत बसवूनच घेत नाही, थेट पाठवते. गोल गुळगुळीत चट्टा, म्हणजे चाई. लहान मुलाच्या डोक्यात खपल्या आणि तुटके केस, कारण ते गजकर्ण असू शकतं आणि त्याला पोटातून औषध लागतं, नुसतं मलम पुरत नाही. टाळू दुखणं, पू, किंवा जिथे केस गेले तिथली कातडी चकचकीत होणं. यात उशीर केला तर मूळच मरतं.

बाकीच्यांनी महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीशी, कोरड्या केसांचा, भांग मधोमध पाडून एक फोटो काढावा. आरशात रोज बघून काही कळत नाही. माझं फेरिटिन वर यायला पाच महिने लागले, वेणी हाताला भरल्यासारखी वाटायला दीड वर्ष. तीन-चार महिन्यांच्या फोटोंत भांग रुंदच होत गेलेला दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना ते फोटो, रक्ताचे कागद, आजारपणांच्या तारखा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. आणि त्या दिवशी डोक्याला तेल थापून जाऊ नका, डॉक्टरांना टाळू दिसायला हवी.